गाडीचं निळं विष

अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिन्यावर माणसं, कुंपणावर माणसं, शेजारच्या गच्चीत माणसं. शिंपीकाका तर दुकानातलं स्टूलच उचलून घेऊन आले होते, म्हणजे मागच्यांनी कितीही रेटलं तरी त्यांची जागा पक्की. मधोमध चार बांबूंना चादरी टांगलेल्या आणि त्यांच्या आड आप्पांची जुनी गाडी.

आतून आवाज आला, "जागी हो! नीलांगी, जागी हो!"

"ही नीलांगी कोण?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"गाडी," शिंपीकाका कुजबुजले. "महाराजांनी नाव ठेवलंय."

चादर सर्रकन खाली आली आणि अंगणभर एकच 'आ' झाला. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून गाडी पार पांढुरकी पडली होती. मूळचा निळा रंग नुसता ऐकण्यात होता. आणि आता तिचं अर्धं बॉनेट निळंशार झळकत होतं. इतकं, की त्यात महाराजांची दाढी लख्ख उलटी दिसत होती.

"रंगाचा डबा दिसतो का कुणाला?" महाराजांनी गर्दीला विचारलं.

"नाही!"

"ब्रश?"

"नाही!"

"मग हा रंग आला कुठून?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"आतून!" महाराज गरजले. या एका बाबतीत ते शंभर टक्के खरं बोलत होते, पण ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी हातातलं कापड उंच धरलं. पांढरं कापड निळंनिळं झालेलं. "हे विष! लोकांच्या वाईट नजरेचं विष! माझ्या लेपानं ते ओढून काढलं. वाहन म्हणजे देह, भक्तांनो. बॉनेट म्हणजे कपाळ. दिवे म्हणजे डोळे. गाडीवरचा पडदा गेला, तसा मालकाच्या डोळ्यांवरचाही जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीवर बसलेल्या आप्पांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

धाकटी सून दारात उभी होती, कडेवर आठ महिन्यांची चिमी. तिचं सगळं लक्ष त्या कापडाकडे, कारण तो चिमीचा लंगोट होता. महाराजांची अटच तशी होती: नवं कापड चालणार नाही, निष्पाप जीवाचं, वापरून वापरून मऊ झालेलंच हवं. पहिल्या दिवसापासून लंगोट जे जायला लागले, ते आता घरात जेमतेम तीन उरले होते. चिमीला साधनेचं काही पडलेलं नव्हतं. ती आपल्या वेळेला आपलं काम चोख करत होती.

पण लंगोटांचं दुःख परवडलं असतं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. ऑपरेशनची तारीख गुरुवारची ठरली होती आणि आप्पा मनातून जाम घाबरले होते. अशात हे महाराज उगवले आणि आता त्यांनी जाहीरच केलं, "उद्या सकाळी उरलेलं बॉनेट. आणि त्याच लेपानं आप्पांचे डोळे! दवाखान्याची गरज नाही. दृष्टी येईपर्यंत गाडी तेवढी माझ्या मठात राहील."

दुपारी सुनेनं नवऱ्याला गाठलं. "अहो, डोळ्यात कसला लेप घालताय? तुम्ही तरी बोला ना आप्पांशी."

"अगं, पण गाडी चमकली ना? डोळ्यांनी बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"मग?"

ती तिथून निघाली. आप्पांकडे गेली तर तेही म्हणाले, "सूनबाई, मला दिसत नाही. तुम्हा सगळ्यांना दिसतंय ना? मग झालं तर." आणि जरा थांबून, हळूच, "डोळ्यात सुरी घालतात गं."

चिमी झोपली तशी ती लंगोट धुवायला बसली. लेकरू झोपल्यावर मिळणारा तेवढाच वेळ, त्यात माणसानं काय काय करावं! तिनं निळा लंगोट बादलीत बुडवला, चोळला, पिळला. पाणी निळं झालं. कपड्याचा रंग सुटावा तसं असेल म्हणून ती दुसऱ्या कामाला लागली. परत येऊन बघते तर वरचं पाणी जवळजवळ नितळ आणि बादलीच्या तळाशी निळा गाळ बसलेला.

विषाचा गाळ बसतो? हा तर चुरा होता.

ती तशीच ओल्या हातानं अंगणात गेली. गाडीच्या मागच्या बाजूला महाराजांनी अजून हात लावला नव्हता. तिनं हात पुसून डिकीवरून बोट फिरवलं. बोटाला फिकट निळी भुकटी लागली, फळ्यावरून बोट फिरवल्यावर खडू लागतो तशी. आणि तिला एकदम चिमीचा चांदीचा चमचा आठवला. काळा पडला की ती तो टूथपेस्ट लावून घासते. फडकं काळं होतं, चमचा चकाकतो. आजवर त्यातून विष निघालं असं काही कुणी म्हणालेलं नव्हतं.

ती टूथपेस्ट आणि एक लंगोट घेऊन आली. डिकीच्या कोपऱ्यात, अगदी खाली, तळहाताएवढ्या जागेवर गोल गोल घासत राहिली. लंगोट निळा झाला. पुसून बघितलं तर तिचं स्वतःचं विस्कटलेलं डोकं त्या निळाईतून तिच्याकडे बघत होतं.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि एकटीच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी आदल्या दिवसाहून जास्त. महाराज चादरी ओढून घेणार, इतक्यात सून चिमीला कडेवर घेऊन पुढे झाली. "महाराज, उरलेलं बॉनेट मी करू?"

"तू? अगं, त्याला तपश्चर्या लागते."

"चादर न लावता करते. सगळे बघू देत."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. तिनं चिमीला काकूंकडे दिलं, टूथपेस्ट पिळली आणि कंबर कसून घासायला लागली. घाम फुटला, पण निळं झालं. लख्ख!

मग काकू किंचाळल्या, "वहिनींच्या हातात शक्ती आली!" आणि चिमीसकट तिच्या पायाशी वाकल्या. मागून दोघंचौघं हात जोडून पुढे सरकले. कुणीतरी आपला दुखरा गुडघाही पुढे केला.

महाराजही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "माझीच शक्ती हिच्यात उतरली! शिष्ये!"

सुनेला हसावं की रडावं कळेना. महाराजांना उघडं पाडायला गेली आणि स्वतःच देवी होऊन बसली! "अहो काकू, उठा आधी, चिमी पडेल! शक्तीबिक्ती काही नाही. शिंपीकाका, तुम्ही या. हा लंगोट धरा आणि घासा."

"मी?"

"धुतलाय हो!"

काका स्टुलावरून उतरले आणि बिचकत दरवाजा घासायला लागले. निळा तुकडा झळकला. काका हाताकडे बघतच राहिले.

"म्हणजे यांच्यातही शक्ती?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"यांच्यात?" काकू ताडकन म्हणाल्या. "यांच्यानं माझं एक ब्लाउज वेळेवर होत नाही!"

अंगण हसलं आणि त्या हसण्यात महाराजांचं निम्मं तेज गेलं. मग ज्याच्या हाती जे फडकं लागलं ते घेऊन लोक गाडीला भिडले. जिथे तिथे निळे ठिपके उमटले.

आप्पा खुर्चीतून उठले. "सूनबाई, मलाही घासू दे." तिनं त्यांचा हात धरून नेला. त्यांनी न घासलेल्या भागावरून बोटं फिरवली, मग घासलेल्या. मग टूथपेस्ट दोन बोटांत चोळून बघितली. "हे बारीक खरखरतंय गं."

"हो आप्पा. म्हणून तर घासलं जातं. नव्या गाड्यांना असतो तसा रंगावर काचेसारखा थर या जुन्या गाडीला नाही. ऊन थेट रंगावर. वरचा रंग मरून त्याची भुकटी होते, ती पांढुरकी दिसते. ती खरवडून काढली की खालचा चांगला रंग वर येतो. कापडाला लागतो तो रंगच. विष नाही अन् नजर नाही."

"आणि महाराजांचा लेप?"

उत्तराची वाट न बघता आप्पांनी महाराजांच्या तांब्याच्या भांड्यात बोट घातलं, चोळलं, हुंगलं. "हा तर जास्त खरखरतोय. वर चंदन आहे, खाली रॉकेलचा वास येतोय." त्यांचा आवाज चढला. "हे तुम्ही माझ्या डोळ्यात घालणार होतात?"

"डोळ्यासाठी तो मंत्रानं मऊ..."

"आप्पा, इथे हात लावा," सुनेनं त्यांचं बोट बॉनेटच्या कडेला टेकवलं. महाराजांनी तिथे जरा जास्तच जोर लावला होता. रंग उडून खालचं करडं अस्तर उघडं पडलं होतं. "गाडीचासुद्धा रंग एवढाच असतो. जास्त घासलं की संपतो. आणि तुमचा मोतीबिंदू डोळ्याच्या वर नाहीच, तो आत असतो. वरून घासलं तर डोळाच जाईल."

आप्पांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. घाईत निघताना ते स्वतःच्याच चादरीत अडकले आणि दोन बांबू घेऊन पडले. त्यांना उठवायला शिंपीकाका धावले आणि उठवता उठवता म्हणाले, "भांडं राहू द्या इथेच. दवाखान्यात दाखवतो. आणखी कुणाच्या डोळ्यात जायला नको."

गुरुवारी आप्पा दवाखान्यात गेले. भीती गेली होती असं नाही. सुनेचा हात त्यांनी दारापर्यंत सोडला नाही. पण गेले.

पट्टी निघाल्यावर ते काळा चष्मा लावून ओसरीत बसले होते, तेव्हा काकू विचारपूस करायला आल्या. गाडीकडे बघून म्हणाल्या, "काही म्हणा आप्पा, चमकली होती हे तर खरं ना?"

"चमकली हे खरंच. सांगितलेलं कारण खोटं. आपण फक्त चमक बघितली आणि कारण उधार घेतलं, काकू. इथून पुढे चमत्कार दिसला तर टाळ्या वाजवा खुशाल, पण मग विचारा, कसं केलं? चादर काढायला सांगा. सांगणारा चिडला तर समजा की पाणी मुरतंय. आणि अंगाला, डोळ्याला काही लावायची वेळ आली, तर आधी डॉक्टर."

सुनेनं चिमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. चिमीनं चष्म्याकडे झेप घेतली आणि तोंडभर हसली. आप्पांनी तिला चष्म्यासमोर धरलं.

"अगं," ते म्हणाले, "हिला दात आलाय!"

"दोन आलेत, आप्पा," सून म्हणाली. "नीट बघा, शेजारीच दुसरा आहे."

आप्पा वाकून बघायला लागले.