साडेतेरा इंच

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, पिवळी, कापडी, साठ इंचांची, तीच. माझे पहिले तीन आकडे झिजून गेलेत. आवाज जरा खालीच ठेवते, कारण मोठ्यानं सांगावं असं माझ्याकडे काही नाही.

दुकान टाकलं त्या दिवशी ताईनं मला विकत घेतलं. दोन मशीन, कापायचं टेबल, आणि काजं-बटणं करायला धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. शाळेत त्याचं डोकं चाललं नाही, म्हणून हातात सुई दिली. कॉलरचं माप घेताना टेपच्या आत एक बोट घालायचं, म्हणजे गिऱ्हाइकाचा गळा आवळत नाही, हेही तिनंच शिकवलं.

ताईच्या गळ्यातली गाठ सगळ्यांच्या आधी मला लागली. मी दिवसभर तिथंच असायचे. दवाखान्यातसुद्धा ती मला काढून ठेवायला विसरायची, म्हणून मी सगळं ऐकलं. थायरॉईडचा कॅन्सर.

"ग्रंथी तर काढायचीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मानेच्या उजव्या बाजूच्या गाठींतही पसरलाय, सुईच्या तपासणीत आलंय. त्याच ऑपरेशनमध्ये त्याही काढू."

"माझा खांदा धड राहील ना?" ताईनं विचारलं.

"खांद्याची नस आम्ही जपतो. तरी काही महिने हात वर न्यायला जड जाऊ शकतं. व्यायाम करावा लागेल."

ताई पुढं काही बोलायच्या आत भाऊ उसळला. "उजवा हात गेला तर ती शिवणार काय, कपाळ? ग्रंथी काढा. मानेला हात लावायचा नाही!"

बाईंनी दोनदा समजावलं. ताईनं भावाकडं पाहिलं आणि त्याच्या म्हणण्याला मान डोलावली. "ठीक आहे, निर्णय तुमचा," बाई म्हणाल्या. "पण मग दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. चुकवायची नाही."

ती चुकवली. ग्रंथीचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, ताई कामाला लागली. भावानं तोड काढली. "ताई, घरात टेप असताना मशीन कशाला? दर रविवारी मोजू. वाढलं तर जाऊ."

"मोठा आलाय डॉक्टर!" ती हसली, पण मान पुढं केली.

एक बोट आत. साडेतेरा इंच.

तिसऱ्या महिन्यात तसंच मोजलं तर पावणेचौदा भरलं. पुन्हा मोजताना भावानं बोट हळूच बाहेर काढलं. साडेतेरा. मला समजलं, आणि तिलाही.

"बोट कुठं गेलं रे?"

"नेमकं घेतोय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "घे बाबा नेमकं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. तिलाही शिवणारा हात शाबूत हवा होता. मी आकडा दाखवला आणि गप्प पडून राहिले. पुढच्या रविवारांना तो मला आवळायला लागला, तिच्या कातडीवर माझा वळ उठायचा, तरी मी साडेतेराच दाखवलं.

आठव्या महिन्यात ताईचा आवाज बसला. घास अडकायला लागला. गाठी श्वासनलिकेला चिकटल्या होत्या, छातीतही पोचलं होतं.

"बहुतेकांचा हा कॅन्सर सावकाश चालतो. यांचा तसा नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतके महिने काय करत होतात?"

भावानं मला खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "मोजत होतो. दर रविवारी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ह्यानं नाही हो कळत. गाठी आतून वाढतात," एवढंच म्हणाल्या. त्या टेबलाच्या फटीत शिरावंसं वाटलं मला.

ताई पुन्हा मशीनवर बसली नाही. जाऊन दीड महिना झाला.

भावानं नवी टेप आणलीय. मला तो जाळत नाही, फेकतही नाही. मी खिळ्याला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मानेत गाठ हाताला लागली, तर हात जोडून सांगते, माझ्यासारखीला विचारू नका. मी बाहेरचा घेर सांगते, तोही ओढणाऱ्याला हवा तसा.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "ताई दिसत नाहीत?"

"गेली. कॅन्सरनं."

"अगंबाई! वेळेवर कळलं नाही का हो?"

भाऊ सुईत दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "नाही कळलं."

कळलं होतं.