अध्यक्षांचा फेटा आणि मोडाचा मका

गजराबाई जिंकल्या, शेड वाचली आणि नानासाहेबांचा फेटा गेला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. सध्या शहाऐंशीचा दुष्काळ आहे, घट उद्या बसायचे आहेत आणि फेटा नानासाहेबांच्या डोक्यावर सुखरूप आहे.

नानासाहेब आमच्या सहकारी संस्थेचे अध्यक्ष. मी तिथला शिपाई. संस्थेच्या शेडमध्ये गजराबाई आणि धुरपदाबाई मांसाच्या पांढऱ्या कोंबड्या पाळत. त्या कोंबड्यांना खाणं एवढंच काम. चालणं त्यांना कमीपणाचं वाटे. पण खुराकाची लॉरी येईना. गोदामात अख्खा मका होता, तर गिरणीची मोटर जळलेली. तसला टणक दाणा कोंबड्या चोचीनं बाजूला सारत. विकाव्या म्हटलं तर नवरात्रात कोंबडी घेतंय कोण? उमरग्याचे व्यापारी मेहबूबभाई दसऱ्याच्या संध्याकाळी येणार होते.

“तवर कोंबड्या वाळल्या तर शेड खाली करायची, गजराबाई,” नानासाहेब म्हणाले. “गुरांच्या छावणीचा कडबा ठेवायचाय. कडबा निदान खायला मागत न्हाय.”

गजराबाईंनी घरी जाऊन घट बसवला. घटात गव्हाला मोड आले तशा त्या देवीला हात जोडून तडक गोदामात आल्या.

“देवीपुढं दाणा फुटतोय, मग कोंबडीपुढं फुटायला त्याला काय लाज वाटतीया?”

मका भिजवून ओल्या पोत्यांत बांधला. टँकरच्या वाटणीतून बायकांनी एकेक तांब्या दिला. मका मऊ झाला, फुटला. कुस्करून टाकला तशा न चालणाऱ्या कोंबड्या पळाल्या.

उरलेला मका हिरवा झाला, आणि पंचक्रोशीतलं एकमेव शिवार कोंबड्यांच्या शेडमध्ये उगवलं. माणसं बघायला येऊ लागली. धुरपदाबाईंनी सवयीनं शेजारी दिवा लावला. दिवा दिसला म्हणून लोकांनी चपला बाहेर काढल्या. एका बैलालाही दर्शनाला आणलं, पण तो प्रसादाला हटून बसला.

नानासाहेब भडकले. “घटाचं धान कोंबड्यास्नी?”

“घटाचं घरी हाय, नाना. हे संस्थेचं हाय. आन् पायतान भाईर काढा.”

अध्यक्षांनी काढलं.

दसऱ्याला मेहबूबभाईंनी तराजू टांगला. नानासाहेब रिवाजाप्रमाणं घटाचं हिरवं धान फेट्यात खोवून आले. मी पहिली कोंबडी उचलली. ती तराजूकडं बघेना, फेट्याकडं बघू लागली. आणि उडाली. ही जात उडत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागं बाकीच्या. नानासाहेब पळाले, फेटा सुटला. एक टोक त्यांच्या हातात, बाकीचा कोंबड्यांच्या चोचींत शेडभर फिरत होता.

“भाई, आधी वजन करा वो!” गजराबाई ओरडल्या.

मेहबूबभाईंनी एक कोंबडी धरून पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात माप टाकलं. मग आणखी एक टाकलं. कोंबडीचं पारडं काही उचलेना.

“इत्ता वजन, और उडती भी!” ते म्हणाले. “सगळ्या घेतो, गजराबाई. पुढल्या खेपेच्या बी माझ्याच.”

“आता कडबा कुठं ठेवायचा म्हनं?” धुरपदाबाईंनी विचारलं.

“आमच्या घरी, वसरीला,” नानासाहेब उघड्या डोक्यानं म्हणाले.

गजराबाईंनी त्यांना आपट्याचं पान दिलं. “सोनं घ्या नाना, सोन्यावानी ऱ्हावा.” त्यांनी ते घेतलं आणि कोंबड्यांपासून लांब धरलं.

सबब, कुक्कुटविकास खात्यास नम्र विनंती की, मोडाच्या मक्याबरोबर अध्यक्षांच्या वापरातील एक फेटा मंजूर खुराकात समाविष्ट करून दर दसऱ्याला सरकारी खर्चानं पुरवावा. डोकं संस्था देईल.