मागच्या सीटवरचे जावईबापू

ड्रायव्हरबाईच्या भाचीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. फेब्रुवारीत दोन मुली झाल्या. मार्चमध्ये त्यांचा आजोबा त्यांना बघायला गेला, आणि तिथंच त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, परत घरी जायचं नाव काढायचं नाही, एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन करू. आजोबा कुणाचं ऐकेल तर शपथ. तो म्हणाला, "करा की. पण आधी माझा ससा इथं आणा. त्याला बघितल्याशिवाय मी एकाही कागदावर सही करणार नाही."

लेकीनं समजावलं, जावयानं हात जोडले. आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपला.

ससा होता चारशे किलोमीटर लांब, त्याच्या घरी, बायकोजवळ. बायको बाळंतपण उरकून परत आली होती आणि सशाला कोण बघणार म्हणून घरी थांबली होती. नवरा आजारी पडल्याचं कळल्यावर ती लगेच निघाली, पण बसवाल्यानं टोपलीत डोकावून सांगितलं, जनावर चालणार नाही. गाडी होती आजोबाच्या थोरल्या बहिणीकडे. आजोबानं पडल्या पडल्या दोन फोन केले. एक बायकोला, एक बहिणीला. दोघींनाही एकच वाक्य सांगितलं, "माझ्यासाठी एवढं एक कर." आणि दोघींचं काही ऐकून घ्यायच्या आत फोन ठेवून दिला.

कारण त्याला माहीत होतं, त्या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

थोरल्या बहिणीला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं तिनं धुलाई कारखान्याची गाडी चालवली होती. सकाळी इस्पितळांतून मळलेल्या चादरी उचलायच्या, संध्याकाळी धुतलेल्या पोचवायच्या. ती शाळेत गेली नव्हती. चाळिशी उलटल्यावर चादरींच्या कोपऱ्यावर छापलेल्या शिक्क्यांवरून तिनं अक्षरं ओळखायला सुरुवात केली. अजूनही वाचताना तिचे ओठ हलत. आणि वहिनी कोण, तर पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवून निवृत्त झालेली. नणंदेला तिनं कधी एक अक्षर शिकवलं नाही, हे ड्रायव्हरबाई विसरली नव्हती.

अबोला मात्र त्यावरून नव्हता. तो आई गेली त्या दिवशीचा. ड्रायव्हरबाई आईच्या उशाशी बसून रडत होती, तेव्हा वहिनी दारातून म्हणाली होती, "दोन दिवस येऊन रडणं सोपं असतं वन्सं. चार वर्षं अंथरूण मी काढलंय." ड्रायव्हरबाईनं मान वर न करता उत्तर दिलं होतं, "म्हणूनच लवकर गेली." बस. तेवढंच. तेव्हापासून दोघी समोरासमोर बसल्या तरी निरोप भावामार्फत जायचे. तो बिचारा जेवतानासुद्धा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचा.

आता गाडीत भाऊ नव्हता. होता फक्त ससा. पांढरा, एका कानावर काळा डाग असलेला. भावानं त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. आयतं खातो, कशावर खूश होत नाही आणि घरात सगळे त्याला जपून असतात, म्हणून. खऱ्या जावयाला हे कळलं तेव्हा तो महिनाभर फिरकला नव्हता.

सकाळी सहाला ड्रायव्हरबाई दारात गाडी घेऊन उभी राहिली. वहिनी तारेचा पिंजरा घेऊन खाली आली. ड्रायव्हरबाईनं पिंजऱ्याकडे पाहिलं, डिकी उघडली आणि कारखान्यातल्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या काढल्या. एकीवर एक उपडी ठेवून कडेनं दोरीनं बांधता येतील अशा. आत गवत घातलेलं.

वहिनी सशाच्या कानाशी वाकली. "जावईबापू, तुमच्या आत्येसासूबाईंना सांगा, टोपलीतून न्यायला तुम्ही काही कोबी नाही."

"जावईबापू," ड्रायव्हरबाई म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना सांगा, तारेत पाय अडकला तर मोडतो. मग तुमच्या सासऱ्याला काय, लंगडा जावई दाखवायचा?"

ससा नाक हलवत राहिला. शेवटी टोपलीच ठरली. वहिनी पुढे न बसता मागे सशाशेजारी बसली. जणू टॅक्सीच केली आहे. ड्रायव्हरबाईनं आरशात पाहिलं आणि दात आवळले. तिच्या मनात एकच होतं. हा ससा माझ्या गाडीत मेला, तर भाऊ सही करणार नाही. आणि ही बाई मरेपर्यंत म्हणत राहील, माझ्या हातात होता तोवर धडधाकट होता.

गाडीचा एसी दोन वर्षांपासून बंद होता. म्हणून तिनं आदल्या दिवशी विचार करून ठेवला होता. सकाळचं ऊन उजवीकडून येणार, तर टोपली डावीकडे. दुपारच्या आत डोंगर लागतो, तिथं गार. दोन चादरी, पाण्याचे दोन कॅन. अठ्ठावीस वर्षांत तिची गाडी कधी उशिरा पोचली नव्हती.

दहाच्या सुमारास पूल लागला. पुलानंतर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. नेमका त्याच वेळी डावीकडून एक ट्रक आला आणि पाटी झाकली गेली. ट्रक बाजूला झाला तेव्हा ड्रायव्हरबाईचे ओठ पहिल्या दोन अक्षरांवर हलले, आणि पाटी मागे गेली. तिनं समोरचा रुंद रस्ता धरला. मागून काही आवाज नाही. चुकलं असतं तर बोललीच असती, असं तिला वाटलं.

पाऊण तास गेला. डोंगर काही येईना. पेट्रोल पंपावर तिनं विचारलं, तेव्हा पंपावरचा माणूस हसला. "मावशी, तुम्ही भलतीकडेच चाललाय. मागे फिरा. पुलापाशी डावीकडे वळायचं होतं."

ड्रायव्हरबाई परत येऊन बसली. चावी फिरवली नाही.

"पाटी होती, जावईबापू," मागून शांत आवाज आला. "चांगली मोठी. निळी. मी वाचली."

"विचारा सासूबाईंना, वाचली तर तोंडाला काय कुलूप घातलं होतं?"

"सांगा त्यांना, मला कुणी विचारलं नाही. आणि गाडी ज्यांच्या हातात आहे त्यांना वाचता येत असेल, असं मी धरून चालले."

ड्रायव्हरबाईनं चावी फिरवली. तिनं गाडी अशी वळवली की वहिनीचं डोकं खिडकीवर आपटलं. मग तिनं वेग वाढवला. रागात तिच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. गाडी उलटी फिरली, तसं ऊनही फिरलं होतं. आता ते सरळ डावीकडच्या खिडकीतून, टोपलीवर पडत होतं. वहिनीच्या ते लक्षात आलं होतं. तिनं टोपलीवर आपली ओढणी टाकली. टोपली दुसऱ्या बाजूला घ्यायची तर गाडी थांबवावी लागणार होती, आणि थांबवा म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. ओढणीनं ऊन अडलं, पण वाराही अडला.

"जावईबापू," ड्रायव्हरबाई पुढून म्हणाली, "सासूबाईंना सांगा, पाऊण तास जाणं, पाऊण तास येणं. दीड तास तुमच्या सासऱ्याच्या जिवातून गेला. शाळेत हेच शिकवत होत्या का?"

ड्रायव्हरबाईनं एक हॉर्न मारला.

"बोला की, जावईबापू. का तुम्हीही रुसलात?"

आणि मग मागून आवाज आला. अकरा वर्षांत न ऐकलेला. "वन्सं."

ड्रायव्हरबाईचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"वन्सं, थांबवा गाडी. हा तोंडानं श्वास घेतोय."

रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचं दुकान होतं. पत्र्याची शेड, टायरची रास, ट्यूब बुडवायची लोखंडी टाकी. ड्रायव्हरबाईनं टोपली उचलून सावलीत आणली आणि दोरी सोडली. ससा आडवा पडला होता. हनुवटी ओली, पोट भात्यासारखं वरखाली. तिनं इस्त्रीवरची चादर तपासायची तशी हाताची मागची बाजू त्याच्या कानाला लावली, आणि चटकन काढली.

पंक्चरवाला धावत आला. "बर्फ देऊ? थंडपेयाच्या पेटीत आहे."

"बर्फ नको!" वहिनी ओरडली. "एकदम गार केलं तर हाय खाईल. साधं पाणी. आणि कानाला लावायचं, फक्त कानाला."

"त्या टाकीतलं घेऊ?"

"ते नको, तेलकट आहे. वन्सं, कॅन आणा!"

ड्रायव्हरबाईनं कॅन आणला, चादर भिजवली आणि पिळली. तिची पिळायची पद्धत अशी होती की चादरीतून एक थेंब टपकत नसे, पण कापड गार राहायचं. शेडच्या खांबाला ती चादर तिनं वाऱ्याच्या तोंडाला बांधली. वारा तिच्यातून गाळून, थंड होऊन सशावर यायला लागला. वहिनी ओल्या बोटांनी सशाचे कान मुळापासून टोकापर्यंत पुसत होती.

"तुम्ही बघत होतात ना ऊन?" ड्रायव्हरबाई म्हणाली. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही तरी मागे वळून बघितलंत?"

"मी गाडी चालवत होते!"

"गाडी? तुम्ही राग चालवत होतात, वन्सं. मला डोक्याला टेंगूळ आलंय."

"कमी आलंय. पाटी वाचून गप्प बसणारी बाई मी जन्मात बघितली नाही."

"आणि मी, चार वर्षं अंथरूण काढलेल्या बाईला 'म्हणूनच लवकर गेली' म्हणणारी बघितली नाही."

पंक्चरवाला हातात पाना घेऊन तसाच उभा राहिला. ड्रायव्हरबाईनं कॅन तिरका केला. तिला खूप काही म्हणायचं होतं. म्हणाली वेगळंच. "तुम्ही मला अक्षर शिकवलं असतं, तर आज पाटी मीच वाचली असती."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मी विचारायचं? तुम्ही घरातल्या मास्तरीण. मी पुस्तक हातात घेतलं की तुम्ही माझ्याकडे बघून हसायचात."

"मी हसायचे नाही. तुम्ही पुस्तक उलटं धरायचात, ते सांगावं की न सांगावं ते मला कळायचं नाही."

"सांगायचं होतं!"

"आता सांगितलं."

दोघी एकमेकींकडे खाऊ का गिळू बघत राहिल्या. हात मात्र थांबले नाहीत. एक पाणी ओतत होती, एक कान पुसत होती. पाणी संपत आलं की न बोलता दुसरा कॅन पुढे येत होता.

"आजी," पंक्चरवाला हळूच म्हणाला, "सशासाठी एवढं? आमच्या म्हाताऱ्याला कुणी एवढा वारा घातला नाही."

"तुझं पंक्चर बघ," दोघी एकदम म्हणाल्या.

अर्ध्या तासानं सशाचं तोंड मिटलं. एका तासानं तो पोटावर बसला. वहिनीनं गवताची काडी नाकाशी धरली. त्यानं तोंड फिरवलं. तिनं परत धरली. त्यानं परत फिरवलं. तिसऱ्यांदा ड्रायव्हरबाईनं धरली, आणि त्यानं ओढून घेतली.

"तुमच्या हातची खाल्ली," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

मग सशानं चादरीवर चार लेंड्या टाकल्या. वहिनी, जिनं पस्तीस वर्षं वर्गात कुणाला मोठ्यानं हसू दिलं नव्हतं, ती जमिनीवर बसून हसली आणि मग डोळे पुसायला लागली. "पोट चालू आहे. आता जगेल."

"माझी चादर," ड्रायव्हरबाई म्हणाली.

पुढचा रस्ता दोन्ही खिडक्यांवर ओल्या चादरी लावून गेला. वहिनी मागेच बसली. पण आता प्रत्येक पाटी ती मोठ्यानं वाचत होती, वर्गात वाचावी तशी. "जावईबापू, डावीकडे. जावईबापू, पुढे शाळा आहे. जावईबापू, 'वाहने सावकाश हाका' असं लिहिलंय, कुणाला लागू पडत असेल तर."  ड्रायव्हरबाईनं वेग कमी केला.

तीनला पोचायच्या त्या संध्याकाळी सातला पोचल्या. भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसला होता. निम्मा झाला होता. ससा मांडीवर ठेवला, तेव्हा त्यानं आधी त्याचे कान चाचपले, मग दोघींकडे बघितलं.

"उशीर का झाला?"

"रस्ता चुकला," ड्रायव्हरबाई म्हणाली.

"मी सांगितला नाही," वहिनी म्हणाली.

भाऊ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. त्याची मान सवयीनं वळत होती, पण मध्ये करायला त्याच्याजवळ काही काम उरलं नव्हतं. "भांडलात वाटतं," तो म्हणाला, आणि पेन मागितलं.

ऑपरेशन झालं. तो घरी काही आला नाही.

तेरावा झाल्यावर ड्रायव्हरबाई परत निघाली. वहिनी लेकीकडेच राहणार होती, आणि जुळ्यांच्या घरात सशाला जागा नव्हती. तिनं स्वतः टोपली खाली आणली, मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. टोपलीच्या दोरीला तिनं एक कागद बांधला होता. पहिलीच्या मुलांना काढून देतात तेवढी मोठी, गोल अक्षरं. 'जावईबापू, पुलाच्या अलीकडे उजवीकडे वळा. ऊन बघत जा.'

ड्रायव्हरबाईनं ते ओठ हलवत वाचलं. हा टोमणा आहे की काळजी, हे तिला कळेना. विचारायचं तिच्या जिवावर आलं. वहिनीनंही सांगितलं नाही. गाडी सुरू झाली, तेव्हा वहिनी खिडकीपाशी वाकली आणि म्हणाली, "पोचलात की जावईबापूंना फोन करायला सांगा."

पुढे दर रविवारी फोन येत राहिला. दोघी सशाबद्दल बोलत आणि त्यावरूनच भांडत. तो जाड झाला, कारण तुम्ही फार घालता. तो बारीक झाला, कारण तुम्हाला काही कळत नाही. कागद ड्रायव्हरबाईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवलेला होता.

भाऊ ऑपरेशननंतर नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी गेला. ससा त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, फोन यायच्या थोडा वेळ आधी, ड्रायव्हरबाईच्या टोपलीत गेला.