यशोदेच्या पोटऱ्या

"साहेब, वाडी मीच शिपतंय. वैनीक खंय जमता ह्या?"

गणपत महसूल खात्याच्या सर्कलसाहेबांना हे सांगत होता तेव्हा यशोदा विहिरीवरच्या पायरहाटावर बसलेली होती आणि तिचे पाय चालूच होते. लोटे भरून वर येत होते, पन्हळीत रिते होत होते आणि पाणी पाटाने पोफळींकडे धावत होतं. डोळ्यांदेखत रहाट चालू असताना माणूस असं बोलू शकतो, याचं तिला आधी हसूच आलं. मग मस्तकात सणक गेली.

"आणि मी हयसर काय करतंय, भावजी? झोपाळ्यार बसलंय?"

"आज बसली हा ती," गणपत साहेबांकडे वळून म्हणाला, "तुमी येतलास म्हणान."

गणपत तिचा धाकटा दीर. कट्टा गावच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. तिचा नवरा गुरुदास जाऊन सात वर्षं झाली आणि त्या सात वर्षांत हे भावजी आचरा गावच्या या नारळी-पोफळीच्या वाडीत आले ते फक्त नारळ न्यायला. आता त्र्याऐंशी साली त्याला वाडीचा पुळका आला होता. वाडी आपणच कसतो असा अर्ज त्याने दिला होता आणि साहेब आज चौकशीला आले होते. त्यांनी गणपतचं म्हणणं लिहून घेतलं की कागदावर त्याचं नाव लागणार आणि यशोदा आपल्याच वाडीत पाहुणी होणार. साक्षीला म्हणाल तर शेजारीपाजारी नेमके आजच बाजाराला गेले होते. घरच्या भांडणात कोण तोंड घालतो!

"बाई, तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" साहेबांनी विचारलं.

यशोदा रहाटावरून उतरली. "आसा. भावजींका बसवा रहाटार. एक पाट भरान दाखवूंदेत, मी आजच गाठोडा बांधतंय."

गणपतला आता मागे हटता येईना. त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो फळीवर चढून बसला. त्याच्या पोटऱ्या दुधीसारख्या गुळगुळीत होत्या. त्याने टाचेने चाकाच्या फळ्या रेटायला सुरुवात केली, तिथेच यशोदेने ओळखलं. रहाट चवड्याने चालवायचा असतो. टाच टेकवणाऱ्याने कधी रहाट चालवलेला नसतो.

चार लोटे वर आले. पाचवा काठापर्यंत आला आणि गणपत किंचाळला, "आई गे! मेलंय!"

पोटरीत गोळा आला होता. चाक उलटं फिरलं, लोटे धडाधडा विहिरीत रिते झाले. यशोदेने आणि साहेबांनी दोन्हीकडून धरून त्याला खाली काढलं. पाटात चार लोट्यांपलीकडे पाणी गेलं नव्हतं.

"आता माझो पुरावो बगा, साहेब," यशोदा म्हणाली. साहेबांना लांबून येताना बघून तिने वर खोचलेलं लुगडं खाली सोडलं होतं. तेच तिने दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचललं.

"वैनी! कायतरी लाज बाळग!" गणपत पाय धरून ओरडला.

"लाज तुमका व्हयी, भावजी. साहेब, कागदात कित्याक बगतात? हय बगा." तिने टाच उचलली. पोटरी लाकडासारखी ताठ झाली आणि निळ्या शिरा वर आल्या. "दवाखान्यातल्या बर्नादेत नर्सान माका कागदार चित्र काडून सांगल्यान. पोटरेचे हे वरचे दोन स्नायू दिसतत, फुगतत आणि बेगीन दमतत. तेंच्या खाली आणखी एक आसा. तो कोणाक दिसना नाय, पण दीसभर ओडता तो तोच. सात वर्सा झाली तेका. ह्या लिवा तुमच्या कागदार."

साहेबांनी मान वर केली. आधी ते अवघडले, मग मात्र त्यांनी नीट निरखून बघितलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं, "सदर वाडी विधवा यशोदा गुरुदास या स्वतः शिंपतात."

"विधवा कित्याक? वाडी मी शिपतंय. नुसता यशोदा लिवा."

साहेबांनी तो शब्द खोडला.

गणपत अजून जमिनीवर कण्हत होता. यशोदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचा राग तिच्या मनात तसाच होता, पण गोळ्याची कळ तिच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती.

"ओरडा नको. पाय सरळ करा. आंगठो धरा आणि आपल्याकडे ओडा. आणखी ओडा."

गणपतने ओढला. हळूहळू गोळा सुटला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"ह्या कोणी शिकयला तुका?" त्याने खालमानेनेच विचारलं.

"कोण शिकयतलो? माका गोळो येय, तेवा आंगठो ओडूक घरात होता कोण?"

तिने लुगडं पुन्हा वर खोचलं आणि ती रहाटावर चढली. चौथी रांग अजून शिंपायची होती.