वरच्या शेताची माती

"वहिनी, हाई पाळ कितली उंच करशी?"

खालच्या शेतातून करमसिंगने विचारलं. दिवलीबाईने हातातला दगड आधी नीट बसवला. दिराला लगेच उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"माती थांबाले पाहिजे, तितली."

अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात तिचं शेत असं उतरतं होतं, की बी पेरायचं वर आणि कापायला जायचं खाली, अशी लोक थट्टा करत. दर पावसाळ्यात तिची माती वाहून करमसिंगच्या तुकड्यात जाई, आणि दर उन्हाळ्यात ती टोपलीने डोक्यावरून वर आणी. नवरा गेल्यावरही तिने नेम मोडला नाही. आता मात्र गुडघ्यांनी हात टेकले होते, म्हणून ही दगडांची पाळ.

"माती वरच थांबनी तं मन्हा तुकडामा काय ऱ्हाई? मन्ही तं नालामा जास."

"इतला वरीस मन्हीच माती खाधी ना तू?"

"खाधी," करमसिंग म्हणाला. "नही कसं म्हनू?"

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. कबूल करणाऱ्या माणसाशी काय डोंबल भांडणार? त्याच्या घरात खाणारी तोंडं सात, इकडे ती एकटी. दिवसभर ती स्वतःवरच चिडचिडत राहिली. संध्याकाळी पाळीच्या एका टोकाचे दगड काढून तिने थोडी माती खाली जाईल एवढी वाट ठेवली. शिव्या देत देतच काढले, पण काढले.

सकाळी येऊन पाहते तो वाट बुजलेली. दगड तिच्यापेक्षा घट्ट बसवलेले, फटींत चिपा ठोकलेल्या. असा हात अख्ख्या पाड्यात एकट्या करमसिंगचा. ती धडपडत खाली गेली. त्याच्या झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती.

"समदा गयात," शेजारची फुलीबाई म्हणाली. "गोरा सायबनी लढाईकरता साग तोडाले. ठेकेदार लई गया."

"कव्हय येतीन?"

"कोन जाने."

दिवलीबाईला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही. डोंगरातली जमीन एक पावसाळा पडीक राहिली की झुडपं तिला परत गिळतात. मग करमसिंग येणार तरी कशाकडे?

पेरणीच्या दिवशी ती नागलीचं बी ओटीत घेऊन निघाली. दोन्ही शेतांना पुरेल इतकं ते नव्हतं. तिने आधी करमसिंगचा तुकडा पेरला आणि उरलं तेवढं वर नेलं.