भुऱ्या भुंकतोय तोवर

"घर पेटलं तर आधी भुऱ्याला बाहेर काढीन, मग तुम्हाला," असं माझे सासरे, गोविंदराव, म्हणजे आमचे अण्णा, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. अर्धं अंग लुळं पडून खाटेला खिळलेला माणूस कोणाला काय काढणार, असं मी मनात म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तर जेवणाचं ताट भिरकावलं असतं.

२०१९च्या सुरुवातीला तलासरी-डहाणूची जमीन सारखी हादरत होती. भुऱ्या, म्हणजे अण्णांचा तांबडा कुत्रा, धक्क्याच्या आधीच भुंकायचा, त्यामुळे कोसबाडच्या आमच्या आळीत त्याचा भाव भलताच वधारला होता. तो भुंकला की सगळ्यांनी चिकूच्या वाडीमागच्या शेतात पळायचं आणि तो गप्प झाल्याशिवाय घराकडे फिरकायचं नाही. तलाठ्याचं कोणी ऐकणार नाही इतकं त्याचं ऐकायचे.

त्या दुपारी मी अण्णांना भरवत होते. भुऱ्या नेहमीसारखा खाटेच्या पायाला बांधलेला. तो भुंकला आणि मागोमाग धक्का आला. चौकट तिरकी होऊन पुढचं दार गच्च अडकलं. स्वयंपाकघरात वायर तुटली आणि माळ्यावरचा पेंढा पेटला. मागचं दार त्या आगीपलीकडे, खिडक्यांना गज.

"आग! आग लागलीय!" मी गज धरून बोंबलले. शेतात माणसं उभी दिसत होती, पण भुंकण्यापुढे माझा आवाज पोचेना. कौलांतला धूर त्यांना धूळच वाटला असावा. प्रत्येक धक्क्याला आमची कौलं धूळ ओकतातच. शेजारचा धनेश निघाला तर बाकीच्यांनी त्याला मागे ओढलं.

भुऱ्याला गप्प करायला वाकले, तर तो दात विचकून अंगावर आला. अण्णांखेरीज कोणाला तो हात लावू द्यायचा नाही.

"अण्णा, तो भुंकतोय तोवर कोणी यायचं नाही. मरू आपण इथे." मी भीतीने रडत होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग भुऱ्याकडे. "ये रे बाबा," म्हणाले. भुऱ्या खाटेवर चढला. धड असलेल्या हाताने अण्णांनी त्याचं तोंड मिटून धरलं.

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. या वेळी ऐकू गेलं, माणसं धावली. ती निम्म्या वाटेवर असताना भुऱ्याने तोंड सोडवून घेतलं आणि एकदाच भुंकला. सगळे जागच्या जागी थांबले.

अण्णांनी त्याला पुन्हा धरलं. कुशीत दाबून, घट्ट. खाटेवर पायांची धडपड चालली होती. मी ती ऐकत होते आणि ओरडत होते. "सोडा त्याला" असं काही मी म्हणाले नाही.

पहारीने दार फोडून त्यांनी अण्णांना खाटेसकट शेतात आणलं. भुऱ्या कुशीतच होता, मान लुळी पडलेली. त्याच्या तोंडावरून अण्णांची बोटं सोडवायला धनेशला जोर लावावा लागला. हातावर दाताचा एक ओरखडा नव्हता.

अण्णा तो हात उलटसुलट करून बघत राहिले. "चावला नाही गं," मला म्हणाले. "चावायला हवं होतं त्याने मला."