एक ठोका हो, दोन ठोके नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि आता अगदी थकले आहे. बसून बसून थकलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. मी बसवून बसवून थकले.

इंग्लंडातल्या हॅलोबी या समुद्रकाठच्या गावी, नगरपरिषदेच्या कोठारामागच्या सुतारखान्यात माझा जन्म झाला. मी दिवाणखान्यात मिरवणाऱ्यांपैकी नाही. ज्या मुलांना स्वतःचे अंग सावरता येत नाही, त्यांना ताठ बसवणे हे माझे काम. छातीला पट्टा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, पायांना खोबण्या आणि पुढे एक जाड फळी. सुताराने शेवटी माझ्या पाठीवर एक पिवळी चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिले होते, 'बालविभागाची मालमत्ता. मूल अठरा वर्षांचे होताच परत करावी.' आपल्या पाठीवर काय लिहिले आहे ते कोणाला दिसते? मलाही दिसले नाही.

मी टॅम्झिनच्या घरी आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तोपर्यंत तिची आई लोरेन तिला मांडीवर आडवे धरून भरवत असे. घास चुकीच्या वाटेने जायचा, पोर ठसका लागून निळी पडायची आणि रुग्णवाहिका यायची. माझ्यात बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने वाटीभर कुस्करलेला मटार गिळला, एकदाही न ठसकता. लोरेन स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती.

टॅम्झिनला शब्द बोलता येत नाहीत. पण तिचा उजवा हात तिचे ऐकतो. माझ्या फळीवर तळहात आपटून ती बोलू लागली. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. दोन ठोके ती फार जोरात मारायची. माझे वार्निश तिथे उडाले, पुढे लाकडाला खळगाही पडला. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "हिच्याइतकं स्पष्ट वर्गात दुसरं कोणी बोलत नाही!" ती वाढत गेली तशी मला चारदा खोलून मोठे केले. अंगातून कळा यायच्या, पण ते दिवस चांगले होते.

टॅम्झिनला सोळा पूर्ण झाल्यापासून लोरेन फोन करू लागली. अठरानंतर मोठ्यांच्या विभागाने नवी खुर्ची द्यायची, तिचे माप आधी घ्यायला हवे, एवढेच तिचे म्हणणे. फोन माझ्याशेजारच्या टेबलावर असे, त्यामुळे मला सगळे पाठ झाले.

"बाई, अठराची होईपर्यंत ती आमच्याकडे येत नाही," प्रौढविभाग म्हणायचा.

"नव्या खुर्चीचं आम्ही काही करू शकत नाही, ती अठराची होणार ना आता," बालविभाग म्हणायचा.

"मग मधल्या दिवसांत पोरीनं बसायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?" लोरेन विचारायची. पलीकडे थांबायला सांगून गाणे लावायचे. दोन वर्षे मी ते एकच गाणे ऐकले.

अठरावा वाढदिवस आला. टेबलावर केक होता, लोरेनची बहीण फुगे बांधत होती आणि दारावरची घंटा वाजली. बाहेर कोठाराची व्हॅन घेऊन डेसमंड उभा होता. नऊ वर्षांपूर्वी मला इथे आणून ठेवणारा तोच. त्याच्या हातात कागद होता आणि त्यावर माझा क्रमांक.

"न्यायला आलोय, लोरेनबाई. आज तारीख आहे," तो खाली बघत म्हणाला.

"न्या की. आधी तिला उचला, जमिनीवर ठेवा आणि केक भरवून दाखवा. मग खुशाल न्या."

डेसमंडने टॅम्झिनकडे पाहिले. "काय राणीसरकार, नेऊ का ही?"

दोन ठोके. माझ्या सांध्यांपर्यंत पोहोचले.

डेसमंडने टोपी काढली, बसून केक खाल्ला आणि कागदावर लिहिले, 'घरी कोणी नव्हते.' पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, चहा प्यायला आणि तेच लिहून गेला. तिसऱ्यांदाही तेच. भला माणूस. त्याला वाटले, आपण या माणसांवर उपकार करतो आहोत.

इकडे लोरेनने नवी खुर्ची न मिळाल्याची तक्रार केली होती. बालविभागाचे उत्तर आले, 'मुलगी सज्ञान झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' तिने प्रौढविभागाकडे नव्याने लिहिले. त्यांनी कळवले, 'सज्ञान व्यक्तीच्या वतीने आईला तक्रार करता येत नाही, तिची स्वतःची संमती हवी. शिवाय कोठाराचा माणूस तीनदा आला असता आपण घरी नव्हता. खुर्ची आपण दडवून ठेवल्याचे दिसते.'

चौथ्यांदा डेसमंड आला तेव्हा लोरेनने ते पत्र त्याच्यापुढे धरले.

"माझ्या घरी बसून केक खाल्लात आणि मला चोर केलंत?"

त्याचे कान लाल झाले. "अहो, मला वाटलं, वेळ मिळेल तुम्हाला..."

"वेळ नको होता मला. खरं हवं होतं."

टोपी घालून तो गेला. मी त्या दिवशी फार खचले होते. हे सगळे माझ्या पाठीवरच्या त्या चिठ्ठीपायी चालले होते.

पंधरा दिवसांनी टॅम्झिनची संमती आहे का ते विचारायला तक्रार पाहणाऱ्या ओकफर्डबाई घरी आल्या. त्यांच्या मागोमाग, आपल्या सुटीच्या दिवशी, चांगला कोट घालून डेसमंड आला. "तीनही वेळा ही माणसं घरीच होती. मी खोटं लिहिलं. काय करायचं ते माझं करा, यांच्या माथी मारू नका," तो म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतले. मग त्या माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या.

"टॅम्झिन, ही तक्रार तुझी आहे का?"

एक ठोका.

"तुझ्या वतीनं आई बोलली तर चालेल?"

दोन ठोके.

लोरेनचा चेहरा पडला. बाईंचे पेन तसेच थांबले. "म्हणजे तूच बोलणार?" त्यांनी हळूच विचारले.

एक ठोका. असा ठोका मी नऊ वर्षांत खाल्ला नव्हता.

"बघा," लोरेन म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "आता मलाही घराबाहेर काढतेय कार्टी!"

मग बाईंनी एकेक प्रश्न विचारला. मापासाठी कोणी आले होते का? दोन. खुर्ची गेली असती तर जेवता आले असते का? दोन. भीती वाटली का? या प्रश्नावर हात थोडा वेळ वरच राहिला, मग एकदाच पडला. दीड तास हे चालले. बाईंचा चहा गार झाला. उठताना त्या माझ्या फळीवर हात ठेवून डेसमंडला म्हणाल्या, "तुम्ही पहिल्याच दिवशी ही नेली असती, तर तिनं मला संमती कशावर दिली असती हो?"

डेसमंडने त्यांचा गार चहा उचलून आत नेला.

तक्रार मान्य झाली. माप घेतले, आणि सात महिन्यांनी नवी खुर्ची आली. चकचकीत, कळ दाबली की वर-खाली होणारी. तिच्या फळीवर मऊ गादी होती. टॅम्झिनने त्यावर हात मारला. आवाजच झाला नाही. तिने पुन्हा मारला. ती घाबरून लोरेनकडे पाहू लागली. तेव्हा डेसमंडने पिशवीतून पाना काढला, माझी फळी सोडवली आणि नव्या खुर्चीला बसवली. दोन ठोके घरभर वाजले.

आता मी कोठारात आहे. बिनफळीची खुर्ची कोणाला देत नाहीत, म्हणून मी कोपऱ्यात पडून आहे. अंगावर धूळ आहे, सांधे कुरकुरतात. कागदावर डेसमंडने या वेळी खरे तेच लिहिले, 'फळी परत आणलेली नाही. ती टॅम्झिनची आहे.'

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. एवढेच करा. कोणाच्या हाताखालून काही काढून घेण्याआधी त्याला विचारा. आणि त्याचा हात पडेपर्यंत थांबा.